सुलूला न दाखवलेलं कार्ड

सहदेव घाडीगावकर आजकाल बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघतो. तोंडाकडे बघत नाही. पूर्वी असा नव्हता हो! पूर्वी बोरिवलीच्या मंडईत ओळखीचं कुणी दिसलं की हा त्याची पिशवी धरायचा आणि नव्या कार्डावरच्या चार ओळी ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही. लोक त्याला लांबून बघून मेथीच्या गाड्याआड व्हायचे. आता तोच आड होतो. साठीला टेकलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला माणूस. त्याने असं केलं तरी काय? तर चोरी केली. आणि तीही अशा घरात, जिथे त्याच्यासाठी दाराला कधी कडी नव्हती.

त्याचा धंदा ग्रीटिंग कार्डांचा. अठ्ठ्याऐंशी साली सुरू केला. वडिलांची गिरणी संपात बसली ती बसलीच. परळची खोली विकून सगळे घाटकोपरला भटवाडीत आले आणि तिथल्या पोटमाळ्यावर सहदेवने स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल टाकलं. एकेक रंग वेगळा छापायचा, दोरीवर कार्डं वाळत घालायची, शाईच्या वासाने आई खाली खोकायची आणि मालवणीत शिव्या घालायची, "मेल्या, माका मारतलंस काय?" पण काय दिवस होते ते! दिवाळी जवळ आली की लोक दुकानात अर्धा अर्धा तास उभे राहून कार्ड निवडायचे. साहेबाला वेगळं, मावशीला वेगळं, जिच्यावर जीव जडलाय तिला अगदीच वेगळं. 'तेजाची पाऊले घेऊन येवो ही दीपावली' असली सहदेवची ओळ, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'शब्द : सहदेव'. त्या दोन शब्दांसाठी तो जगायचा म्हणा ना.

प्रत्येक कार्डाचा पहिला नमुना मात्र सुलूच्या हातात जायचा. सुलू म्हणजे सुलक्षणा, त्याची चार वर्षांनी धाकटी बहीण. अंधेरीच्या एका औषध कंपनीत विसाव्या वर्षी चिकटली, ती अजून तिथेच आहे. संध्याकाळी दमून यायची, ताटाशेजारी कार्ड ठेवून जेवता जेवता वाचायची. "दादा, गुळमट झालंय." "दादा, सुमनांजली काय रे? आपल्या वाडीत एक तरी बाई सुमनांजली म्हणते का?" सहदेव चिडायचा, तणतणायचा आणि ओळ बदलायचा. कारण सुलूने पास केलेलं कार्ड कधी पडून राहिलं नाही. तिला स्थळं येत होती त्या काळात घरात एकच भरवशाचा पगार होता, तिचा. स्थळं हळूहळू यायची थांबली. ह्यावर घरात कुणी बोललं नाही. कोकणातल्या माणसांच्या घरात असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, त्या नुसत्या होतात. सहदेवचं लग्न झालं, तो बोरिवलीला तळमजल्यावरच्या घरात आला, पुढच्या खोलीत छापखाना थाटला. सुलू आईजवळ राहिली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनेच केलं, आणि तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा त्या खोलीत ती एकटी उरली.

इकडे धंद्याची वाट लागत होती. आधी एसेमेस आले. ते सणाच्या दिवशी महाग पडायचे, तेव्हा सहदेवला वाटलं, टिकायचं नाही हे खूळ. मग व्हॉट्सअ‍ॅप आलं, फुकटात. एकच पणती अख्ख्या मुंबईला फिरवायची आणि त्याला म्हणे शुभेच्छा! कप्पाळ! ज्या दुकानांत त्याची कार्डं तारेवर टांगलेली असायची तिथे मोबाइलची कव्हरं लटकायला लागली. सहदेवने काय नाही केलं? उघडलं की वाजणारं कार्ड केलं. ते मिटलं तरी वाजतच राहायचं, आणि एका गिऱ्हाइकाने ते बादलीत बुडवून, ओलं, परत आणून दिलं. मगवर फोटो छापले, उशांवर छापले. लग्नाच्या आमंत्रणाचे व्हिडिओ केले, त्यात नवरा-नवरी ढगातून खाली उतरतात. सोबत अकरा कागदी पत्रिका द्याव्याच लागत, कारण गावच्या देवापुढे फोन ठेवता येत नाही. पोट भरत होतं. पण 'शब्द : सहदेव' कुठेच छापून येत नव्हतं आणि त्याचा जीव तिथे अडकलेला.

शेवटी मुलीने डोळे उघडले. श्रुतिका जाहिरातीच्या कंपनीत आहे, तोंडाने फटकळ. म्हणाली, "बाबा, लोक आता शंभर जणांना कार्डं देत नाहीत रे. एकालाच देतात. पण ते वाचून त्याने म्हटलं पाहिजे, अरे, हे तर आपलंच आहे यार! तुझी ती तेजाची पाऊलं-बिऊलं आवर आता. लोक बोलतात तसं लिही ना." सुलू हेच तीस वर्षं सांगत होती. पण पोरीने सांगितलं की बापाला लगेच पटतं, हा जगाचा न्याय आहे.

मग सहदेवने कान उघडे ठेवले आणि खिशात एक छोटी वही ठेवली. सोसायटीच्या जिन्यात एक काका गुडघे धरून कण्हत होते. त्यातून कार्ड निघालं, 'वय विचारणार नाही, गुडघ्यांनी सांगितलं.' त्याची बायको जयंती एकदा वैतागून म्हणाली की पंचवीस वर्षं झाली लग्नाला, पण पंखा कितीवर ठेवायचा ते अजून ठरत नाही. आठवड्यात त्याचं कार्ड! झकास चाललं. श्रुतिकाने इन्स्टाग्रामवर टाकलं, ऑफिसांतून, मैत्रिणींच्या भिशीतून मागण्या आल्या. माणसं चेष्टेने म्हणायला लागली, "ह्याच्यासमोर बोलू नका रे, छापेल." सहदेवला गुदगुल्या व्हायच्या. जयंतीने मात्र तेव्हाच बजावलं होतं, "अहो, माझं घेतलंत, मी हसले. सगळ्यांचं घेऊ नका." सहदेव म्हणाला, बरं. नवरे म्हणतात तसं.

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात तो भटवाडीला गेला. आईच्या नावावरची खोली सुलूच्या नावावर करायची होती, त्या कागदांवर त्याची सही लागत होती. वीस तारीख होती. सही केली, चहा घेतला आणि सुलू सहज म्हणाली, "ह्या वर्षी तू पण विसरलास ना रे?"

सतरा ऑक्टोबर. सुलूचा वाढदिवस. आई होती तोवर आई आठवण करायची, दर वर्षी सकाळी सातला सहदेवचा फोन खणखणायचा, "बहिणीक फोन केलंस?" आता आई नव्हती. सहदेवचं तोंड एवढंसं झालं.

"अरे राहू दे रे," सुलू म्हणाली. "वय आहे का आता? सकाळी उठले तर पहिला मेसेज बँकेचा. प्रिय सुलक्षणाजी! दुसरा दाताच्या डॉक्टरचा. तिसरा चपलांच्या दुकानाचा, दहा टक्के सूट. मग मी फोन पालथाच घातला. म्हटलं, उगाच बघत बसायला नको." असं म्हणून ती हसली. मग ओटा पुसता पुसता, पाठमोरीच, म्हणाली, "दुपारी परत सरळ केला होता."

सहदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते, खरंखुरं आलं. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण आपल्याकडे भावंडं असलं काही करत नाहीत. तो "येतो गं" म्हणून निघाला, उतारावरून खाली आला, रिक्षात बसला. आणि रिक्षा वळायच्या आत त्याने खिशातली वही काढली आणि बँक, दात, चपला असं लिहून टाकलं. डोळे अजून ओले होते. हात मात्र लिहीत होता.

दिवाळी उलटल्यावर निघालेलं ते कार्ड फार सुंदर झालं, त्याला इलाज नाही. बाहेर टेबलावर पालथा पडलेला फोन, शेजारी चहाचा कप. 'वाढदिवसाचा पहिला मेसेज बँकेचा. दुसरा दाताच्या डॉक्टरचा. तिसरा चपलांच्या दुकानाचा.' उघडलं की आत मोठ्या अक्षरात, 'फोन सरळ कर. चौथे आम्ही आहोत!' आणि खाली, शब्द : सहदेव. दुकानाचं नाव बदलावं, दाताच्या जागी डोळ्यांचा डॉक्टर घालावा, एवढंही त्याने केलं नाही. कारण ओळ जशी होती तशीच चोख होती आणि त्याच्यातला कारागीर चोख मालाला हात लावायला तयार नव्हता.

शिरस्त्याप्रमाणे पहिला नमुना सुलूला दाखवायचा. हल्ली तो फोटो काढून पाठवायचा. फोटो काढला, तिचं नाव उघडलं, आणि बोट अडलं. तिच्या ऑफिसात कामाची घाई असेल आता, नंतर पाठवू, असं तो मनाशी म्हणाला आणि फोन खिशात टाकला. चोराच्या मनात चांदणं! पुढे त्याने स्वतःची खूप वकिली केली. मला वाईट हेतू नव्हता, माझ्या लक्षातच आलं नाही, शेवटची ओळ तर किती प्रेमाची आहे. पण ते अडलेलं बोट त्याला पक्कं आठवतं, आणि तिथे सगळी वकिली संपते. दाखवलं नाही, म्हणजे कळत होतं.

कार्ड तुफान खपलं. तीनदा छापावं लागलं. कुणीतरी त्याचा फोटो काढून, खालचं नाव कापून, व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून दिला आणि तो गावच्या ग्रुपवर फिरत फिरत सहदेवकडेच आला. हा असा भडकला! "चोर साले! दुसऱ्याच्या ओळी खुशाल आपल्या म्हणून फिरवतात. लाज नाही वाटत?" जयंती भाजी निवडत होती. तिने एकदा मान वर करून नवऱ्याकडे बघितलं आणि परत भाजी निवडायला लागली. तिला काही माहीत नव्हतं. पण सहदेवला वाटलं, हिला सगळं कळलंय, आणि तो उठून बाहेर गेला.

मग पुढची सतरा ऑक्टोबर आली. दिवाळीच्या ऑर्डरींची गडबड चालली होती, कार्डं मोजून पाकिटांत भरणं सकाळपासून सुरू होतं. संध्याकाळी सहाला फोन वाजला. वर नाव बघितलं, सुलू, आणि सहदेवने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आज सतरा!

"दादा, आज ऑफिसात पोरांनी केक आणला होता," सुलू म्हणाली. "ती नवीन लागलीत ना, सपना, मिहिर, ती सगळी. कार्ड पण दिलं मला. तुझंच होतं."

सहदेवने हातातलं पाकीट खाली ठेवलं. कुठलं कार्ड, असं विचारायचीही गरज नव्हती.

"कागद चांगला वापरलायस," सुलू पुढे म्हणाली, नेहमी नमुना बघून बोलायची त्याच आवाजात. "घडी मात्र नीट बसत नाही रे. कोपरा उघडा राहतो. बघून घे."

"सुलू, अगं..."

"मोठ्याने वाचायला लावलं त्यांनी मला. सगळे हसले. मी पण हसले." पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "चल, ठेवते. गॅसवर दूध आहे."

कागदाबद्दल बोलली, घडीबद्दल बोलली. शब्दांबद्दल एक अक्षर नाही! तीस वर्षं जी फक्त शब्दांबद्दलच बोलली, ती. फोन ठेवल्यावर सहदेवच्या लक्षात आलं की आपण तिला साधं 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' एवढंसुद्धा म्हटलं नाही. आयुष्यभर शुभेच्छा विकल्या ह्या माणसाने! त्याने परत फोन लावला. वाजत राहिला. तिने उचलला नाही.

त्याने जयंतीला सगळं सांगितलं. सांगताना सुद्धा पंख्याकडे बघत होता. जयंती ऐकून घेऊन म्हणाली, "आत्ता उठा आणि घाटकोपरला जा. उद्या नाही, आत्ता." बाईचं बरोबर होतं. पण सहदेव उठला नाही. चप्पल घातली, काढली. उद्या जाऊ म्हणाला, मग शनिवारी म्हणाला. शरम अशी वाईट चीज आहे, माणसाने नेमकं जिथे जायला हवं तिथेच ती पाय टाकू देत नाही.

नऊ दिवसांनी बोरिवली पश्चिमेला एका हॉलमध्ये दिवाळीचं प्रदर्शन होतं. कंदील, उटणी, चकल्या, ड्रेस आणि कोपऱ्यातलं टेबल सहदेवचं. दर वर्षी दोन्ही दिवस सुलू येऊन बसायची. गिऱ्हाईक तिला बरोबर हाताळता यायचं; सहदेव नुसता कविता म्हणून गिऱ्हाईक पळवायचा. ह्या वर्षी ती येत नाही, हे त्याने धरूनच चाललं होतं. पालथ्या फोनच्या कार्डांचा गठ्ठा त्याने टेबलाखाली, खोक्यात सरकवून ठेवला होता.

दहाच्या ठोक्याला सुलू आली. निळी साडी, हातात डब्याची पिशवी. "आंबोळ्या आणल्यात, काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे," ती म्हणाली. "वहिनी नाही आली? गुडघा कसा आहे तिचा?" पदर खोचला आणि कामाला लागली. सहदेवला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. तेवढ्यात सुलूने खाली वाकून खोकं ओढलं.

"हे खाली का ठेवलंस? हेच चालतंय ना सगळ्यांत जास्त?"

"असू दे गं. राहू दे तिथेच."

"अरे, माल दाखवल्याशिवाय विकतो का कधी?" असं म्हणून तिने तो गठ्ठा काढला, घड्या अंगठ्याने दाबून नीट केल्या आणि बरोब्बर मधोमध मांडला.

दिवसभर लोक येत होते. ते कार्ड उचलत होते, वाचत होते, एकमेकांना कोपर मारून हसत होते. "अगं, हे तर सेम आपल्या मॅडमचं!" एक मुलगी किंचाळली. "वाट बघतात बिचाऱ्या मेसेजची!" सुलू पाकीट शोधता शोधता म्हणाली, "हो ना, एकदम खरं लिहिलंय. दोन देऊ का?" एकेका हसण्याबरोबर सहदेव आत आत आक्रसत होता. पाणी प्यायच्या निमित्ताने तो चारदा बाहेर जाऊन आला. बाहेर जिन्यात उभा राहून त्याने वाक्य पाठ केलं. सुलू, माझं चुकलं. तीनच शब्द. आत आला की ते जिन्यातच राहिलेले असायचे. हजारो लोकांना ज्याने शब्द पुरवले त्याला स्वतःसाठी तीन मिळेनात, आता बोला!

चारच्या सुमाराला एक बाई आल्या. साठीच्या असतील, सुती ड्रेस, चष्मा गळ्यात साखळीला. त्यांनी कार्ड वाचलं आणि त्या हसल्या नाहीत. मिटलं, परत उघडलं. मग सहदेवला म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंत हे? तुम्हाला कसं हो कळलं?"

बाजूला त्या किंचाळणाऱ्या मुली होत्या, उटणंवाली बाई होती, श्रुतिका होती. सहदेवला वाटलं, हीच वेळ. ज्याचं त्याला देऊन टाकावं. त्यात पश्चात्ताप होता, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर, आपण किती मोठ्या मनाचे ते चारचौघांत दिसेल, असंही कुठेतरी होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "मी नाही, मॅडम. हिने. ही माझी बहीण. हा तिचा स्वतःचा अनुभव आहे. अगदी असंच झालं होतं तिच्या वाढदिवसाला. मी नुसतं छापलं."

सगळ्यांनी सुलूकडे बघितलं.

त्या बघण्यात काय होतं ते सहदेवला एका क्षणात दिसलं, पण शब्द सुटून गेला होता. मुलींचं हसू गेलं. एकीने हातातलं कार्ड हळूच परत जागेवर ठेवलं, जणू कुणाची खाजगी वस्तू चुकून उचलली होती. उटणंवाली "अगं बाई" असं पुटपुटली. आणि त्या चष्मेवाल्या बाईंनी टेबलावरून सुलूचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तुम्ही पण एकट्याच असता का?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती त्याने स्वतःच्या हाताने, भर प्रदर्शनात, बोट बोट करून उघडली.

सुलूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. क्षणभरच. मग ती हसली आणि आपला हात अलगद सोडवून घेत म्हणाली, "ह्याचं काय ऐकता तुम्ही? कवी आहे तो. स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर खपवायची सवय आहे त्याला. माझा फोन मेला दिवसभर वाजत असतो, चार्जिंग टिकत नाही." तिने कार्ड पाकिटात घालून त्यांना दिलं, सुटे परत केले, पुढच्या गिऱ्हाइकाला "या ना" म्हटलं. जमिनीने पोटात घेतलं असतं तर सहदेव आनंदाने गेला असता. पण हॉलची फरशी होती, ती कसली घेतेय!

साडेसातला आवराआवर सुरू झाली. श्रुतिका टेम्पो बघायला गेली. दोघं भावंडं खोक्यांत कार्डं भरत होती. सहदेवने एकदाचं म्हटलं, "सुलू, माझं चुकलं."

"हो," सुलू म्हणाली.

तो थांबला. पुढे ती 'जाऊ दे रे' म्हणेल असं त्याला वाटलं होतं. आयुष्यभर ती तेच म्हणत आली होती. ती खोक्याला दोरी बांधत राहिली. मग म्हणाली, "ऑफिसात मला काही वाटलं नाही, दादा. घरी येऊन वाटलं, पण तिथे नाही. त्या पोरांना काय माहीत? त्यांना जोक वाटला, मी पण जोक म्हणून वाचला. आज तू सगळ्यांना सांगितलंस की तो जोक नाहीये."

"मला वाटलं, निदान तुझं नाव तरी..."

"नाव कुणी मागितलं होतं तुझ्याकडे?"

सहदेव हातातली कार्डं उगाच मोजायला लागला.

"बँकेला माझी तारीख माहीत असते," सुलू म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "त्या दिवशी मला काय वाटतं ते बँकेला माहीत नाही. ते मी एकालाच सांगितलं होतं." दोरीची गाठ बसली का ते तिने ओढून बघितलं आणि रिकामा डबा पिशवीत घातला. "सांबारं उरलंय. वहिनीला दे."

सहदेवने ते कार्ड बंद केलं. श्रुतिकाने वेड लागलंय का म्हणून विचारलं, पण तो ऐकला नाही. उरलेला गठ्ठा त्याने रद्दीत घातला, वहीही घातली. उपयोग काय? व्हॉट्सअ‍ॅपवर ते नावाशिवाय फिरतंच आहे. बैल गेला आणि झोपा केला, तसा त्याचा हा शहाणपणा. ऐन दिवाळीत तो मगवर फोटो छापत बसला.

भाऊबीज जवळ आली तशी त्याची झोप उडाली. ह्या वर्षी ती बोलावणार नाही, आणि बोलावू नये, असंच त्याला वाटत होतं. पाटावर कुठल्या तोंडाने बसायचं? आदल्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "बाराच्या आत या रे. वडे गरम खायला हवेत." तेवढंच.

तिघं गेली. पाटाभोवती रांगोळी होती, निरांजन होतं. सुलूने टिळा लावला, सुपारी आणि अंगठी फिरवली, ओवाळलं. सहदेवने खाली बघत ताटात ओवाळणी घातली आणि मनातल्या मनात म्हटलं, भांड गं माझ्याशी, चांगली चार शिव्या दे, आई द्यायची तशा. तिने साखर त्याच्या तोंडात घातली. वडे आणि कोंबडीचं सांबारं आग्रहाने वाढलं. जयंतीला गुडघ्याला लावायचं तेल दिलं, श्रुतिकाला ओढणी दिली. पाण्याची वेळ बदलली, शेजारची खोली विकली, सुरमई काय महाग झालीय, सगळ्यावर बोलली. कुठे म्हणून कमी ठेवलं नाही.

निघताना जयंती आणि श्रुतिका जिना उतरायला लागल्या. सहदेव दारात रेंगाळला. सुलू उरलेले वडे त्याच्यासाठी कागदात बांधत होती. त्याने धीर करून विचारलं, "सुलू, कशी आहेस गं तू? खरं सांग."

तिने वर बघितलं आणि हसली. प्रदर्शनात गिऱ्हाइकांना हसत होती तशी.

"मजेत!" म्हणाली.

हे उत्तर ती शेजारणीला देते, ऑफिसातल्या साहेबाला देते, जिन्यात भेटेल त्याला देते. दादाला तिने ते उभ्या जन्मात कधी दिलं नव्हतं. दादाने विचारलं की ती सांगायची. पाय दुखतात म्हणायची, साहेब डोकं खातो म्हणायची, आईची आठवण येते म्हणायची.

"छान, छान," सहदेव म्हणाला आणि वड्यांचा पुडा घेऊन खाली उतरला.

आता तो रोज सकाळी तिला फोन करतो. वाढदिवस असो नसो. रोज विचारतो, कशी आहेस. ती रोज उचलते, आणि मजेत आहे म्हणून सांगते.